घडीच्या सायकलीची चैतन्यशील हाताळणी

हिंजवडीतल्या ज्या कंपनीत मी नोकरी करते, तिथे आम्ही गाड्या उलटू नयेत म्हणून सॉफ्टवेअर बनवतो. वळणावर गाडी किती कलेल, ब्रेक दाबल्यावर सरळ राहील की भरकटेल, हे गाडी तयार होण्याआधीच ते संगणकावर सांगतं. या कामात माझी एकोणीस वर्षं गेली. त्यामुळे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका रविवारी सकाळी, मंडईच्या कोपऱ्यावर, चालणाऱ्या माणसाहून जेमतेम जास्त वेगात मी सायकलवरून पडले, तेव्हा गुडघ्यापेक्षा पदवी जास्त खरचटली.

सायकल घडीची होती. ती घेण्यामागे विचार होता, असं मी त्या काळात सगळ्यांना सांगत असे. आम्ही कसबा पेठेत राहतो. तिथल्या गल्ल्यांत रिक्षा शिरत नाही, आणि शिरली तर शिवाजीनगरला यायला तयार होत नाही. कंपनीची बस मात्र शिवाजीनगरहूनच सुटते. वीस-बावीस मिनिटं तंगडतोड करून मी पोचायचे आणि महिन्यातून दोन-तीनदा बस माझ्या डोळ्यांदेखत निघून जायची. ड्रायव्हर हात हलवून निरोप द्यायचा, एवढी सभ्यता त्याच्यात होती. तेव्हा मी ठरवलं, घडीची सायकल घ्यायची, पूल ओलांडून सात-आठ मिनिटांत पोचायचं, घडी घालायची आणि बसमध्ये पायाशी ठेवायची. जाहिरातीत एक मुलगी ती सायकल पर्ससारखी एका हातात घेऊन जिना चढत होती आणि वर हसतही होती. सायकल घरी आल्यावर मीही ती एका हाताने उचलली. चार दिवस पाठीत उसण होती.

नवरा कॉलेजात शिकवतो, त्यामुळे कमी शब्दांत जास्त अपमान करायची त्याला सवय आहे. त्याने खोक्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "चाकं ही एवढीच, की मोठी वेगळ्या पार्सलने येणार आहेत?"

चाकं सोळा इंची होती. आमच्या घरातल्या पोळपाटापेक्षा मोठी, पण त्यावर बसून शिवाजीनगरला जायचं म्हटल्यावर फारशी मोठी वाटेनात. त्यातून हँडलचा दांडा भलताच लांब, खालच्या बिजागरीतून वर उभा राहणारा. बसल्यावर असं वाटायचं, की आपण एखाद्या उंच स्टुलावर आहोत आणि स्टुलाला कुणीतरी चाकं लावून ढकललंय.

पहिल्या रविवारी सराव म्हणून मी मंडईला निघाले. निघताच लक्षात आलं, की पुढचं चाक माझं ऐकत नाही. खरं म्हणजे जरा जास्तच ऐकतं. डावीकडच्या दुकानाची पाटी वाचावी असं मनात आलं, की चाक डावीकडे. मागून हॉर्न वाजला आणि खांदा आवळला, की चाक उजवीकडे. तरी मी मंडईपर्यंत गेले, भाजी घेतली, आणि भेंडी, मेथी, दोन किलो बटाटे असलेली पिशवी हँडलला अडकवली. स्थैर्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाईने हे केलं. परत निघाले, तर रस्त्यावरचे सिमेंटचे ठोकळे एका जागी खचले होते. फट फार तर वीतभर. पुढचं चाक त्या फटीत गेलं आणि तिथेच राहिलं. मी राहिले नाही.

मेथी विकणाऱ्या बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गडगडत आलेला एक बटाटा उचलून माझ्या पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "सावकाश उठा ताई. घाई नाही. इथे आठवड्याला दोघं-तिघं बसतात."

धोतरातले एक गृहस्थ थांबले. मला वाटलं, हात देतायत. त्यांनी सायकल न्याहाळली. "मुलाची सायकल मुलालाच चालवू द्यावी," असं म्हणून ते पुढे गेले.

मी सायकल ढकलत थेट चाचांकडे गेले. चाचा आमच्या दोन गल्ल्या पलीकडचे सायकल मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचे आजोबा त्याच दुकानात चाकं बांधायचे, म्हणजे आमच्या सोसायटीतल्या कुठल्याही कुटुंबापेक्षा त्यांचं घर पेठेत जुनं. दुकान दोन खाटा मावतील एवढं. पुणे हे एके काळी सायकलींचं शहर होतं, असं मला आजवर शंभर जणांनी सांगितलंय आणि शंभरही जणांनी ते गाडीच्या काचेतून सांगितलंय. चाचा याबद्दल कधीच काही बोलत नाहीत. ते फक्त सायकली दुरुस्त करतात.

त्यांनी माझा फाटका गुडघा पाहिला, मग सायकल पाहिली.

"घरात लहान मूल आहे का कोणी?"

"चाचा, माझीच आहे."

"बरं." ते उठले. "कोणाची आहे ते कळलं म्हणजे कुठे हसायचं ते कळतं."

त्यांनी सायकल उलटी केली आणि पुढचं चाक फिरवलं. चाक लचकत होतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. "चाक आऊट आहे," ते म्हणाले. "नवीन घेतानाच आऊट. तारा कुठे तंबोऱ्यासारख्या ताणल्यात, कुठे कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या." त्यांनी एकेक तार नखाने वाजवली. प्रत्येकीचा आवाज खरोखरच वेगळा होता. मग त्यांनी हँडलचा दांडा धरून हलवला. बिजागरीत नखभर खेळ होता, वर हँडलपाशी तोच इंचभर होत होता.

मी म्हणाले, "पण पडले ते खड्ड्यामुळे. खड्डा लहानसाच होता."

चाचांनी दुकानाच्या पायरीवर दोन विटा वीतभर अंतराने ठेवल्या. भिंतीला टांगलेलं एक जुनं, मोठ्या सायकलीचं चाक काढलं आणि त्या विटांवरून हळूच ढकललं. ते फटीवरून गेलं, किंचित डोकं लववून. मग माझं चाक काढून तसंच ढकललं. ते फटीत रुतलं आणि थांबलं.

"खड्डा तोच आहे," चाचा म्हणाले. "मोठ्या चाकाला तो रस्ता वाटतो. लहान चाकाला तो खड्डाच असतो."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण एकोणीस वर्षांचा अनुभव गप्प बसू देत नाही. मी त्यांना सांगू लागले, की फिरणाऱ्या चाकाला भोवऱ्यासारखा एक गुण असतो, चाक लहान आणि हलकं झालं की तो कमी होतो, त्यामुळे सायकल डळमळते वगैरे. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भोवरा जोरात फिरला तर उभा राहतो," ते म्हणाले. "तुम्ही किती जोरात होतात?"

मी गुडघ्यावरची माती झटकली.

मग त्यांनी गवंड्याचा ओळंबा आणि एक सरळ काठी काढली. माझं चाक परत बसवून सायकल सरळ उभी करायला लावली. हँडल ज्या नळीत फिरतं, त्या नळीच्या तिरक्या रेषेत काठी धरून ती जमिनीला जिथे टेकली तिथे खडूची खूण केली. मग चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडला आणि चाक जिथे जमिनीला टेकतं तिथे दुसरी खूण केली. दोन खुणांमधलं अंतर त्यांनी बोटांनी मोजलं. दीड बोट. तेच त्यांनी दुकानाबाहेर उभ्या असलेल्या दूधवाल्याच्या जुन्या सायकलीवर करून दाखवलं. चार बोटं.

"चाक नेहमी रेषेच्या मागे टेकतं. म्हणजे ही त्याची शेपूट," चाचा म्हणाले. "शेपूट लांब असली की चाक मागेमागे ओढलं जातं, आपोआप सरळ होतं. दवाखान्यातल्या ढकलगाडीची चाकं बघा, तशी. तुमच्या चाकाला शेपूटच नाही. ते बिचारं कुठेही वळेल."

मी त्या दोन खुणांकडे बघत राहिले. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये या अंतराला ट्रेल म्हणतात. त्यासाठी पडद्यावर एक चौकट असते आणि दर नव्या गाडीला मी त्या चौकटीत आकडा टाकते. इतकी वर्षं मी तो आकडा टाकत होते आणि तो जमिनीवर कुठे असतो, हे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. हे चाचांना सांगितलं असतं तर त्यांना फार आनंद झाला असता, म्हणून सांगितलं नाही.

चाचांनी दोन दिवसांत चाकाचा आऊट काढला, सगळ्या तारा एका सुरात आणल्या, बिजागरीत पत्र्याची बारीक चकती घालून खेळ घालवला आणि जाड टायर बसवले. पिशवीसाठी मागे, चाकाच्या मध्याजवळ, खाली हूक लावून दिला. "हँडलवर काही टांगायचं नाही," त्यांनी बजावलं. "स्वतःलासुद्धा. हात ठेवायचे, भार टाकायचा नाही. आणि चाकाकडे बघायचं नाही, लांब बघायचं." शेपूट काही लांब झाली नाही, ते त्यांच्या हातात नव्हतं. पण मी सायकलशी भांडणं बंद केलं आणि तीही जरा निवळली. पुढचे दोन महिने मी रोज शिवाजीनगरला वेळेवर पोचले. ड्रायव्हरला हात हलवायची संधी मिळाली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी या प्रकरणात शहाणी ठरले असते. पण सायकलवरून ऑफिसला येणारी बाई म्हणून माझी ख्याती झाली, आणि ऑफिसात ख्याती झाली की तिचा उपयोग केला जातो.

कंपनीने हरित सप्ताह साजरा करायचं ठरवलं होतं. आमच्या आवारात तीन इमारती आहेत आणि फाटक लांब आहे. तेवढ्या अंतरासाठी कर्मचाऱ्यांना वापरायला घडीच्या सायकली घ्यायच्या, अशी मोठ्या साहेबांची कल्पना. नमुन्याची सायकल आली ती चौदा इंची चाकांची. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख बाईंनी मला बोलावलं. "तुम्ही सायकलिस्ट आहात आणि डायनॅमिक्सच्या एक्सपर्टही," त्या म्हणाल्या. "एक छोटासा टेक्निकल रिपोर्ट द्या ना. फॉर्मॅलिटी आहे."

मी चाचांकडून ओळंबा मागून आणला आणि तळघराच्या पार्किंगमध्ये सायकल उभी करून मोजलं. शेपूट एक बोटाहून कमी. मी ती चालवून पाहिली. माझी सायकल तिच्यापुढे हत्ती वाटली. मी रिपोर्ट लिहिला, दीड पानाचा. चाकं लहान, गतिरोधकावर धोका, हँडलवर बॅग टांगू नये, वीस इंची चाकांची घ्यावी, आणि शेवटी निष्कर्ष इंग्रजीत एका शब्दात: 'अनस्टेबल'.

दुसऱ्या दिवशी मला परत बोलावणं आलं. या वेळी चहा कपबशीत आला, बरोबर बिस्किटं. एवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

"रिपोर्ट फारच छान झालाय," बाई म्हणाल्या. "फक्त तो अनस्टेबल शब्द. त्याच आठवड्यात आपला मेंटल हेल्थचाही कार्यक्रम आहे. लोक गैरसमज करून घेतील."

"पण ती सायकल तशीच आहे."

"हो, हो. त्याबद्दल वाद नाही. टोनबद्दल बोलतेय मी. एखादा पॉझिटिव्ह शब्द नाही का? चपळ? लाइव्हली?"

खोटं सांगत नाही, मी विचार केला. पगारवाढीची पत्रं निघायला तीन आठवडे होते. वर, लाइव्हली हा शब्द आमच्या धंद्यात वापरतात, तो धडधडीत खोटा नाही, असं मी स्वतःला बिस्कीट संपेपर्यंत पटवलं. वीस इंची चाकांचं वाक्य 'भविष्यात विचार करता येईल' या सदरात गेलं. निष्कर्षात आलं, 'हँडलिंग: लाइव्हली'. शुद्ध मराठीत म्हणजे, सायकलीची हाताळणी चैतन्यशील आहे.

उद्घाटनाला मोठे साहेब हिरवा टी-शर्ट घालून आले. मी मागे उभी राहून वाट बघत होते. ते पडावेत अशी माझी इच्छा होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. साहेब सायकलवर बसले, एका हाताने फोटोवाल्याला अभिवादन केलं आणि आरशासारख्या गुळगुळीत फरशीवर तीन फेऱ्या मारल्या. जरासुद्धा डगमगले नाहीत. उतरल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुमचा रिपोर्ट पाहिला. लाइव्हली. एकदम करेक्ट वर्ड." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या संध्याकाळी चाचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "फरशीवर तर टेबलाची चाकंही पळतात." त्यांना मी फक्त फेऱ्यांचं सांगितलं होतं. शब्द बदलल्याचं सांगितलं नव्हतं.

माझ्या टीममध्ये यवतमाळकडचा एक जण आहे, तिशीतला, हिंजवडी गावात भाड्याच्या खोलीत राहणारा, हाताने स्वयंपाक करून डबा आणणारा. सायकल आवाराबाहेर नेता येईल, अशी परवानगी निघाली तेव्हा सर्वांत आधी त्याने नाव दिलं. खोली दीड किलोमीटरवर, चालायचा कंटाळा, आणि कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीत रिक्षा मिळत नाही. पाचव्या दिवशी सकाळी तो येत होता. लॅपटॉपची बॅग हँडलला अडकवलेली. फाटकाबाहेर लागोपाठ तीन गतिरोधक आहेत. पहिल्यावर हँडल थरथरलं, दुसऱ्यावर ते वळलं, तिसऱ्यापर्यंत तो पोचला नाही.

मी बसमधून उतरले तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसला होता आणि उजवं मनगट डाव्या हातात धरून होता. चेहरा पांढरा. मला बघून म्हणाला, "काही नाही मॅडम, थोडंसं लागलं. सायकल तर ठीक आहे ना, बघा ना जी."

सायकल अगदी ठीक होती. मनगट मोडलं होतं. मी त्याला घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे गेले, प्लास्टर होईपर्यंत बाहेर बाकावर बसले. भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं, त्यातली सगळी हाडं जागच्या जागी होती. ते बघत बसण्याखेरीज दुसरं काही करावंसं वाटेना.

दुपारी परिपत्रक निघालं. त्यात लिहिलं होतं, की चालकांनी दोन्ही हात वापरावेत, रस्ता निवडताना विवेक ठेवावा, आणि सायकलीची हाताळणी लाइव्हली असल्याचं तांत्रिक अहवालात आधीच नमूद आहे, याची नोंद घ्यावी. म्हणजे माझा शब्द आता त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा केला होता.

संध्याकाळी मी घरी न जाता चाचांच्या दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. शब्दाचंही. चाचा एका चाकाच्या तारा आवळत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"आमच्याकडे चाक आऊट असलं तर आऊट म्हणतात," ते म्हणाले. "चैतन्य नाही म्हणत."

"नोकरी आहे, चाचा."

"हो ना. माझं तर दुकान आहे. गिऱ्हाईक तोंडावर म्हणतं, चाक ठीक आहे म्हणा. मी म्हणत नाही. मग ते दुसरीकडे जातं." त्यांनी चाक फिरवून पाहिलं. "गुडघा बरा झाला का तुमचा?"

झाला होता. मी घरी गेले, जेवले आणि जेवणाच्या टेबलावरच रिपोर्ट पुन्हा लिहिला. या वेळी पहिल्याच ओळीत 'अनस्टेबल' लिहिलं, खाली बोटांनी मोजलेलं अंतर मिलिमीटरमध्ये घातलं, आधीच्या अहवालातला शब्द मी सौम्य केला होता आणि ती माझी चूक होती, हेही लिहिलं. नवऱ्याला वाचायला दिलं. त्याने लाल पेन शोधलं, दोन स्वल्पविराम घातले आणि म्हणाला, "पाठव." सकाळी बसमध्ये सायकलीची घडी पायाशी ठेवून मी तो मोठ्या साहेबांपासून सगळ्यांना पाठवला.

प्रमुख बाईंनी मला चहा दिला नाही. टोनबद्दल मात्र पुष्कळ बोलल्या. माझी पगारवाढ त्या वर्षी कशी झाली ते सांगत नाही, हसायला येईल. चौदा इंची सायकली आधी आवाराबाहेर न्यायला बंदी झाली, मग त्या तळघरात गेल्या. घडी घातलेल्या असल्यामुळे जागा फार कमी लागली, त्या बाबतीत जाहिरात खरी होती. दोन महिन्यांनी वीस इंची, जाड टायरच्या सायकली आल्या. सोबत ईमेल आलं, की मोठ्या साहेबांच्या दूरदृष्टीमुळे हा बदल शक्य झाला. त्यांनी पुन्हा तीन फेऱ्या मारल्या. या वेळी मला टाळ्या वाजवायला बोलावलं नव्हतं.

यवतमाळवाल्याचं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी कँटीनमध्ये त्याच्या टेबलाशी जाऊन बसले. हे मला करायचंच होतं आणि सहा आठवडे मी ते टाळत होते. मी त्याला सगळं सांगितलं. कपबशी, बिस्किटं, बदललेला शब्द. म्हणाले, "तू तो रिपोर्ट वाचून सायकल घेतलीस, आणि तो मी जाणूनबुजून मऊ केला होता."

तो डाव्या हाताने जेवत होता, उजवा अजून आखडलेला होता. त्याने घास खाली ठेवला.

"मॅडम, मी तो रिपोर्ट वाचलाच नव्हता."

"आणि दुसरा?"

"तोही नाही." त्याला वाईट वाटलं असावं, कारण पुढे म्हणाला, "कोणीच नाही वाचत ना जी. सायकल फुकट होती म्हणून घेतली."

मला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचा लगेच रागही आला. एकोणीस वर्षं मी असे रिपोर्ट लिहितेय. तो मात्र निवांत होता. बोटं उघडून-मिटून बघत म्हणाला, की मनगट थंडीत थोडं दुखेल असं डॉक्टर म्हणालेत, बाकी चांगलं आहे. मग त्याने डबा माझ्याकडे सरकवला.

"ठेचा घ्या थोडा. जपून पण. आमच्याकडचा आहे."

मी जपून घेतला नाही. पुढची दहा मिनिटं मला बोलता आलं नाही, आणि तो शांतपणे डाव्या हाताने जेवत राहिला.